दुसरा थेंब

“म्हणजे दुखणं माणसाला जाणवायच्या आधीच हे सांगतं?” सारंगधरबाबांनी विचारलं.

“फार आधी,” विश्वंभर म्हणाला.

पूर्णेकाठच्या या मठीत तो बाबांच्या हाताखाली वाढला, आणि पुढे बंगळुरूला जाऊन शास्त्रज्ञ झाला. काही करून दाखवीन तेव्हाच तोंड दाखवीन, असं म्हणून गेला होता. मधे कित्येक वर्षं गेली. आज जेवणाच्या डब्याएवढं यंत्र घेऊन तो आला होता, आणि पाया पडल्यापासून त्याच्याविषयीच बोलत होता.

रक्ताच्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे चुंबकी कण सोडायचे. त्यांच्यावरचा लेप कर्करोगाच्या खुणेलाच तेवढा चिकटतो. लाखाच्या जत्रेत एकट्या चोराच्याच अंगाला गुलाल लागावा, तसं. मग किती कण चिकटले, ते थेंबाखालचा सेन्सर त्यांच्या चुंबकत्वावरून ओळखतो, आणि पडद्यावरची रेघ तितकी चढते. जगात इतकं बारीक कुणाला जमलेलं नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

बाबांनी बोट पुढे केलं.

विश्वंभर हरखला. त्याने सुई टोचली, थेंब घेतला.

थोड्या वेळाने पडद्यावर रेघ उठली... आणि चढतच गेली.

त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. दुसरा थेंब घेतला. रेघ पुन्हा तितकीच चढली.

“प्रवासात बिघडलेलं दिसतंय,” तो म्हणाला.

“बिघडलेलं नाही.”

विश्वंभरने मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने बाबांकडे नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आली होती. भगवी छाटी अंगावर नुसती टांगल्यासारखी दिसत होती.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन पावसाळे झाले.”

दोन पावसाळ्यांपूर्वी यंत्राचं काम ऐन भरात होतं. सणासुदीलाही तो प्रयोगशाळेतून हलला नव्हता. मठीतून फोन आला, की नंतर बोलतो म्हणून ठेवून देत असे... मग फोन यायचेही थांबले.

“स्पष्ट निरोप का नाही धाडलात, बाबा? मी सगळं टाकून आलो असतो.”

“आला असतास...”

बाबांनी छाटीच्या टोकाने बोटावरचं रक्त पुसलं. मग लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा यंत्रावरून हात फिरवला.

“मग हे कुणी पुरं केलं असतं?”