पटाशीची रिकामी जागा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका राज्यात उभ्या कड्यावर एक किल्ला होता. वर जायला पायवाट नव्हती. माथ्यावर दातेरी चाकांचा एक मोठा लाकडी रहाट बसवला होता. बैल तो फिरवत, दोरखंड गुंडाळला जाई आणि दोराला बांधलेल्या पाळण्यात बसून माणसं वर येत.

या रहाटाची डागडुजी एक कारागीर करी. हात मोठा गुणी, बोलणं मात्र मोजकं. त्याच्या घराला दार नव्हतं, चौकटीला नुसती चटई टांगलेली असे. दारासाठी म्हणून नवरा-बायकोनं सात वर्षं एकेक करून शिसवी फळ्या जमवल्या. आणि या शहाण्यानं काय करावं? त्या सगळ्या फळ्यांची हत्यारांची पेटी केली. आत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कोरली, हातोड्याची वेगळी, पटाशीची वेगळी. महिनाभर तेवढंच करत बसला.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपण चटईआड झोपायचं आणि तुमच्या पटाशीनं शिसवात निजायचं," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील, याचा तरी विचार करायचा."

लोक म्हणायचं ते म्हणतच होते. त्याच्यासोबत काम करणारा एक सोबती होता. त्याची हत्यारं गोणपाटाच्या पोत्यात असत. तो हसून म्हणे, "दादा, लाकूड पटाशीनं तासतात, पेटीनं नाही. माझं बघा. पोतं टाकलं खांद्यावर की निघालो." आणि खोटं बोलत नव्हता हो तो. त्याचं काम कारागिरापेक्षा तसूभरही उणं नव्हतं.

कारागीर आपलं काम करत राही. तरुणपणी त्याच्याजवळही असंच पोतं होतं. एका गावचा रहाट दुरुस्त करून त्यानं पोत्याचं तोंड बांधलं, आणि एक छिन्नी चाकाच्या दात्यांत राहून गेली. रहाट फिरला, दाते मोडले, चाक निखळून त्याच्या थोरल्या भावाच्या अंगावर आलं. भाऊ जागीच गेला. लोकांनी दैवाला बोल लावला. छिन्नी कारागिराला मोडक्या दात्यांत सापडली होती, पण ती त्यानं कुणालाच दाखवली नाही. बायकोलाही नाही.

पुढं एकदा किल्ल्यावर देवीची जत्रा भरली. त्याच सकाळी रहाटाचा एक दाता तडकला. कारागीर आणि सोबती दोघांनी मिळून दुपारपर्यंत नवा दाता बसवला. खाली पाळण्यात बारा माणसं केव्हाची बसून होती. त्यांत कारागिराची बायकोही होती.

"झालं ना? मग हाका बैल," किल्लेदार म्हणाला.

कारागीर हत्यारं पेटीत ठेवत होता. एक खाच रिकामी राहिली. पटाशीची.

"थांबा," तो म्हणाला. "बैल सोडा."

"एका पटाशीसाठी?" किल्लेदार संतापला. "माणसं उन्हात करपताहेत. दुसरी घडवून देतो तुला."

"पडली असेल गवतात, दादा," सोबती म्हणाला. "माझ्या तर कितीतरी हरवतात."

कारागीर बैलांपुढं जाऊन उभा राहिला. किल्लेदार म्हणाला, "शोध. पण चाकात काही निघालं नाही, तर उद्यापासून या रहाटाला हात लावायचा नाही."

कारागीर चाकाखालच्या खड्ड्यात उतरला, उताणा पडला आणि एकेक दाता चाचपू लागला. तिथं अंधार होता, डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. पार तळाशी, दोन दात्यांच्या मध्ये, त्याच्या बोटांना लोखंड लागलं. चाक हलू नये म्हणून सकाळी त्यानंच पटाशी तिथं ठोकली होती.

तो पटाशी घेऊन वर आला. "मीच ठेवली आणि मीच विसरलो," तो म्हणाला. मग बैल चालले, पाळणा सुखरूप वर आला, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेली भावाची गोष्ट त्यानं बायकोसकट सगळ्यांसमोर सांगून टाकली.

सोबत्यानं आपलं पोतं जमिनीवर रिकामं केलं आणि ढिगातलं एकेक हत्यार चाळून पाहिलं.

"दादा, यात काय आहे ते मी सांगू शकतो," तो हळूच म्हणाला. "काय नाही, ते मला कसं कळायचं?"

जत्रा संपल्यावर तो आपण दुरुस्त केलेला एकेक रहाट तपासत गावोगाव फिरला. तिसऱ्या गावी, दुरुस्तीनंतर अजून न फिरलेल्या रहाटाच्या दात्यांच्या फटीत त्याला त्याचीच छिन्नी सापडली. परत येऊन त्यानं आंब्याची एक साधी फळी घेतली आणि तिच्यात प्रत्येक हत्याराची खाच पाडली. फळी शिसवी पेटीइतकीच चोख काम देऊ लागली.

कारागिरानं ते पाहिलं. घरी जाऊन बायकोला म्हणाला, "खाच हवी होती, ते बरोबर होतं. शिसव मात्र तुझं होतं. भावाचं ओझं माझं होतं, ते मी तुझ्या दारावर टाकलं."

त्यानं पेटी उकलून फळ्या सुट्या केल्या, स्वतःसाठी आंब्याची फळी कोरली आणि शिसवाचं दार करून चौकटीत बसवलं. बाकीच्या खाचा त्यानं बुजवल्या, पण दाराच्या आतल्या बाजूला पटाशीची ती खाच तशीच राहिली. बायकोनं ती बुजवू दिली नाही. रोज कामाला निघताना कारागीर तिच्यावरून बोट फिरवी आणि मगच उंबरा ओलांडी.

तात्पर्य: हत्यारांच्या पेटीचं मोल तिच्या लाकडावर ठरत नाही, काय राहून गेलं ते ती वेळेवर सांगते की नाही, यावर ठरतं.