ससा पळाला नव्हता

पूर्वी वेणुमती नगरात धर्मकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजाचा या कथेशी काही संबंध नाही. तो भरल्या पोटी होता. त्याच काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या व्याधांच्या वस्तीत जन्मला होता आणि त्याचे नाव सोमक होते. त्याची उमेदीची सगळी वर्षे ससे आणि लावे पकडण्यात गेली. मुलगा लहान असतानाच बायको वारली. पुढे गुडघे गेले तेव्हा जाळे मुलाच्या खांद्यावर आले आणि चूल सोमकाच्या वाट्याला आली. इतकी वर्षे पिसे उपटून आणि कातडी सोलून त्याला कशाचाच उत्साह उरला नव्हता, पण रांधायचे काम तो नीट करी.

त्या वर्षी रानातले पाणवठे लवकर आटले. मुलगा कंदल चार दिवस रिकाम्या हातांनी परतला. सून नंदिका बाळंत होऊन बारा दिवस झाले होते, पण अंगावर दूध नव्हते. तान्ही मुलगी रडून रडून आता रडायचीही थांबली होती. बाळंतिणीच्या पोटात मांसाचा रस्सा गेला तरच दूध उतरेल, असे सुईण सांगून गेली होती.

पाचव्या दिवशी दुपारी कंदलाने एक ससा आणून चुलीपाशी टाकला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

"रांधा, बाबा. शिजेपर्यंत मला उठवू नका."

सोमकाने ससा खुंटीला टांगला, केस मांसाला लागू न देता कातडे खाली ओढले आणि पोट उघडले. कलेजीवर पांढरे ठिपके होते, खसखस सांडावी तसे. सुरी बाजूला ठेवून तो मुलाकडे वळला.

"कंदला, हा जाळ्यात सापडला?"

"जाळ्यात कुठला. झुडपाखाली बसला होता. हातानं उचलला."

"पळाला नाही?"

"पळाला असता तर मी काय मागं धावणार होतो? पायांत जीव उरलाय का माझ्या?"

"हा आजारी होता. हा खायचा नाही, पुरून टाकायचा."

कंदलाने डोळे उघडले. "तुम्हांला दिसतं कुठं नीट? काल सातूत खडे राहिले होते. डागाचं तेवढं कापून टाका आणि बाकीचं चढवा."

आता सोमकाला सोपी वाट होती. मुलगा झोपला की मांस पुरायचे आणि कुत्र्याने पळवले म्हणायचे. चार शिव्या खाऊन प्रकरण मिटले असते. थकलेल्या माणसाला अशी वाट फार बरी वाटते. पण पुढच्या वेळी असाच ससा कंदलाने डाग कापून स्वतःच चढवला असता. सोमक मुलासमोर खाली बसला.

"तुझी आई तापानं गेली असं तुला सांगितलंय."

"हो. मग?"

"ताप होताच. पण तो घरात मी आणला. असाच बसलेला ससा होता, अशीच कलेजी होती. मी ती पाहिली. दिवसभर फिरून थकलो होतो, म्हटलं, डागाचं तेवढं कापून टाकू. तिनं तो साफ केला आणि तिनंच आधी चाखला. तिसऱ्या दिवशी काखेत गाठ आली, नवव्या दिवशी तुझी आई गेली. मला कळलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही."

ती तापाने गेली हे खोटे नव्हते. तेवढ्याच आधारावर सोमकाने पंचवीस वर्षे काढली होती.

आतून नंदिकेचा आवाज आला, "मामंजी, मला तो रस्सा नको."

कंदल उठला. त्याने कमरेइतका खड्डा खणून ससा पुरला, वर दगड रचले आणि राखेने हात घासले. मग जाळे उचलून तो पुन्हा रानात गेला. दिवस मावळताना त्याने दोन लावे आणून उंबऱ्यावर ठेवले. सोमकाने ते आले-मिरे घालून शिजवले. नंदिका रस्सा प्यायली आणि दोन दिवसांनी तिला दूध उतरले.

त्यानंतर सोमक सहा वर्षे जगला. त्या सहा वर्षांत कंदलाने त्याला पुन्हा बाबा म्हणून हाक मारली नाही. त्याचे सोमकाला फार दुःख झाले आणि ते त्याने सोसले. शिकार आता कंदल स्वतः सोलू लागला. पण लहानमोठे काहीही असो, चुलीवर चढवण्याआधी तो कलेजी पानावर घालून म्हाताऱ्यापुढे ठेवी, आणि म्हातारा मान हलवीपर्यंत तिथेच उभा राही.

ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कंदल म्हणजे आज माझ्याशी फार न बोलणारा, पण कुठलेही काम मला विचारल्यावाचून न करणारा हा सुदंत भिक्षू. नंदिका म्हणजे क्षेमंकरा भिक्षुणी. आणि तो थकलेला सोमक मीच होतो. मी जे आचरले त्याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात. मला ती पंचवीस वर्षे उशिरा साधली."