धुक्यातली हाक

खूप जुन्या काळी, इतक्या जुन्या की तेव्हा कुणी वर्षं मोजत नसे, एका डोंगरावर रानाला अगदी खेटून एक वस्ती होती. वस्तीभोवती काटेरी कुंपण आणि त्या कुंपणाला एकच दार. धुकं उतरलं की ते दार बंद व्हायचं.

धुक्याच्या दिवसांत तिथे एक रीत होती. बाहेरून परतणाऱ्याने हाक मारायची नाही, दगडावर दगड आपटायचा. कारण वस्तीतल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की धुक्यात वाघ माणसाच्या आवाजात बोलतो. कुणी ऐकला होता तो? कुणीच नाही. पण असल्या गोष्टी ऐकाव्या लागत नाहीत, त्या न ऐकताच पटतात.

एका सकाळी धुकं पडलं. दार लावताना वस्तीतल्या तिरंदाजाच्या लक्षात आलं, की आपलं वासरू बाहेरच राहिलं आहे.

"आत्ता घेऊन येते," त्याची बायको म्हणाली. "इथंच कुठंतरी चरत असेल."

तो नको नको म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा.

दुपार झाली तरी ती परतली नाही. धुकं एवढं दाटलं की कुंपणापलीकडचं झाड दिसेना. तिरंदाज धनुष्य घेऊन दाराशी उभा राहिला. सोबतीला एक म्हातारा गुराखी होता आणि मध गोळा करणारी एक बाई होती. गुराख्याचा कान मोठा तिखट, बाईचं नाकही तसंच, आणि तिरंदाजाच्या नजरेचं तर विचारूच नका. वस्तीचा या तिघांवर भारी विश्वास होता.

"ऐका," गुराखी पुटपुटला. "जड पावलं. काहीतरी धापा टाकतंय."

बाईने हवा हुंगली आणि तिचा चेहरा उतरला. "रक्ताचा वास येतोय. आणि जनावराचा."

गोठ्यात तिरंदाजाची गाय हंबरू लागली, दाव्याला हिसके देऊ लागली. "गाईलासुद्धा वाघ कळला," गुराखी म्हणाला. दाराशी कुत्रा शेपटी हलवत होता. "कुत्रं बघा कसं थरथरतंय," बाई म्हणाली. कुत्र्याला बोलता येत असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं, पण आमच्या गोष्टीतल्या कुत्र्याला बोलता येत नाही.

मग तिरंदाजाला दिसलं. धुक्यात तांबूस पिवळं केसाळ अंग, खाली लोंबणारे पाय. ते हळूहळू दाराकडेच येत होतं. दगड वाजला नव्हता, म्हणजे माणूस नव्हतंच ते.

"अहो!" धुक्यातून हाक आली. "दार उघडा, मी आहे!"

तिघेही जागच्या जागी थिजले.

"बोललं," बाई कुजबुजली. "तिच्याच आवाजात बोललं."

तिरंदाजाने धनुष्याला बाण जोडला. वाघाने तिला खाल्लं आणि आता तिचाच आवाज घेऊन तो आपल्या दारात आला, याशिवाय दुसरं काही त्याला सुचेना.

"अहो, लवकर उघडा! वाघ मागं आहे!"

"स्वतःचंच नाव घेतंय," गुराखी म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

तिरंदाजाने बाण सोडला.

पुढे ऐकू आला तो वासराचा हंबरडा. त्यासरशी गाईने दावं तोडलं आणि ती धावत येऊन दारावर आदळली. आपलं लेकरू येतंय हे तिला मघापासून कळलं होतं.

दार उघडलं. समोर तिरंदाजाची बायको पडली होती. वाघाने वासराला जखमी केलं होतं, म्हणून तिने ते मानेवरून दोन्ही खांद्यांवर आडवं घेतलं होतं. दोन्ही हातांनी त्याचे पाय धरलेले, मग बिचारी दगड कशाने वाजवणार? बाण वासराच्या मांडीतून आरपार जाऊन तिच्या खांद्यात रुतला होता.

तेवढ्यात अगदी जवळ वाघ गुरगुरला. तिघांनी तिला ओढून आत घेतलं, गाईला मागे रेटलं आणि दार लावलं. वासरू बाहेरच राहिलं. गाय कितीतरी वेळ दाराला तोंड लावून उभी होती.

बायको वाचली. पण तिचा तो हात पुन्हा कधी वर झाला नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने नवऱ्याला एकच विचारलं, "तुम्ही माझा आवाज ओळखला नाहीत?"

"ओळखला होता," तो म्हणाला. "म्हणून तर बाण सोडला." आणि तो ढसाढसा रडला.

त्या दिवसापासून वस्तीत दगड वाजवायची रीत बंद झाली. आता दारावर उभा राहणारा बाण जोडण्याआधी शेजारच्याला विचारतो, "हे दुसरं काय असू शकेल?" उत्तर मिळेपर्यंत दोरी ताणायची नाही, असं ठरलं आहे.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: कान, नाक, डोळे फक्त खबर आणतात, अर्थ लावतं ते मन, म्हणून घाबरलेल्या मनाने लावलेल्या अर्थावर कधीही हात उचलू नये.