पाटावरची नवी पटाशी

मुलांनो, तुम्ही नव्या शाळेत गेलात आणि दिवसभर गुरुजींनी तुम्हाला काही विचारलंच नाही, तर तुम्हाला काय वाटेल?

फार वर्षांपूर्वी तातोबा सुताराने लाकडात खाचा पाडायला बाजारातून एक नवी पटाशी आणली. घरी येताच त्याने तिला पुसलं, कुंकू लावलं आणि जुन्या हत्यारांशेजारी पाटावर ठेवलं. मग तो निघून गेला. दुपार टळली तरी कोणी तिला हात लावेना.

"मी त्यांना पसंत पडले नाही वाटतं. आता परत दुकानात नेतील," पटाशी रडवेली होऊन म्हणाली.

रंधा खो खो हसला. "आल्या आल्या पाटावर बसलीस, आणि वर रडतेस?"

"गप रे!" म्हातारी करवत म्हणाली. "अगं बाई, आज खंडेनवमी. आज हत्यारांची पूजा असते. आज आपल्याला कोणी कामाला लावत नाही."

"पण मी अजून एक ढलपीसुद्धा काढली नाही. माझी पूजा कशाला?"

"तू आता या घरची झालीस, म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तातोबाने पटाशीला दगडावर धार लावली, आणि तिने चौरंगाच्या पायात आपली पहिली खाच पाडली.