जर्मलचं पातेलं बोललं

भांड्यांना वाचा होती त्या काळी, कोकणातल्या द्वारकावहिनींच्या घरात एक जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं होतं. वहिनी सकाळी त्यात आमसुलाचं सार करायच्या आणि ते संध्याकाळपर्यंत त्यातच राहायचं. त्यांच्या सासऱ्यांची मूत्रपिंडं अधू होती, पण साराशिवाय त्यांना घास उतरत नसे.

एकदा घासणीखाली पातेल्याच्या ध्यानात आलं, आपल्या तळाला बारीक बारीक खड्डे पडलेत. आंबट आपल्याला खातंय आणि झिजलेलं सगळं मामंजींच्या पोटात जातंय!

पळी दटावून म्हणाली, "गप्प राहा. सांगितलंस तर भंगारात जाशील."

पातेलं दिवसभर धास्तावलेलं होतं. पण संध्याकाळी वहिनींनी वाटी पुढे केली, तेव्हा ते ठामपणे म्हणालं, "वहिनी, हे मामंजींना देऊ नका. माझा धातू उतरलाय यात. धडधाकट माणसाचं शरीर तो बराचसा बाहेर टाकतं. त्यांच्या शरीराला ते जमायचं नाही."

वहिनी चरकल्या. "मग इतके दिवस का नाही बोललंस?"

"मला आजच कळलं. कळल्यावर गप्प बसवेना. आता भंगारात घाला हवं तर."

वहिनींनी सार ओतून टाकलं आणि मातीच्या मडक्यात नवं चढवलं. पातेलं मात्र त्यांनी स्वच्छ पुसलं, त्यात नाचणी भरली आणि फळीवर ठेवलं. मग बाकीच्या भांड्यांकडे वळून विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

कोपऱ्यातली पितळी थाळी चाचरत म्हणाली, "वहिनी, माझी कल्हई केव्हाच उडालीय. आंबट मलाही खातंय."