ओसरीवरची एकोणीस भांडी

भरतीचं पाणी वेशीच्या दगडाला लागे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात यहुदी तेल्यांची वीस घरं होती. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून सारा मुलूख त्यांना शनवार तेली म्हणे.

या घरांत एक रीत होती. रोज सकाळी प्रत्येक घरानं आपल्या चुलीवरचं थोडं अन्न भांड्यात घालून, पांढऱ्या फडक्यानं झाकून, प्रार्थनाघराच्या ओसरीवर ठेवायचं. मग एलोजी नावाचा म्हातारा ते टोपलीत भरी आणि मागच्या गल्लीनं आजारी, निराधार, सुतकी अशांच्या घरी पोचवी. कुणी दिलं हे घेणाऱ्याला कळत नसे, कुणी घेतलं हे देणाऱ्याला.

पोचवणाऱ्या एलोजीचं घर सोडून ओसरीवर एकोणीस भांडी येत, आणि त्यांतलं एक रोज रिकामं असे. ते मलकाबाई या म्हातारीचं. तिच्या घरी शिजवायला काही नव्हतं, पण आपलं भांडं दिसलं नाही तर लोक ओळखतील म्हणून ती रिकामंच झाकून ठेवी. एलोजी ते गुपचूप भरून तिच्या मागच्या दारी ठेवी. अकरा वर्षं दोघं याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

एलोजी पोथ्या वाचलेला माणूस, आणि तितकाच धास्तावलेला. गुडघे दुखत, टोपली जड होई. तरुण म्हणत, "बाबा, द्या इकडे, आम्ही नेतो." तो म्हणे, "तुम्ही पुढच्या दारानं जाल." चाळीस वर्षांत त्यानं टोपलीची कडी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. वाटेत दमून बसला की मनात येई, ही दया आहे की नुसता माझा हट्ट? मग तो उठे आणि पुन्हा चालू लागे.

एकदा त्याची बायको आजारी पडली. तीन दिवस टोपली पोचवण्यापुरता उठून तो तिच्या उशाशी बसून होता, पोटात धड काही नव्हतं. चौथ्या पहाटे ती वारली, सकाळी दफन झालं. घरी येऊन तो जमिनीवर चटई टाकून बसला. त्या दिवशी घरचं अन्न खायचं नसतं. पहिला घास शेजाऱ्यांकडून यायचा असतो, आणि तो मागायचा नसतो. सात दिवस उंबरठाही ओलांडायचा नसतो.

गाव निर्दय नव्हतं. दफनाला सगळे आले, रडले. घरी जाऊन प्रत्येकानं मसूर शिजवले, अंडी उकडली. दुःखाला तोंड नसतं, म्हणून बिनतोंडाचं गोल अन्न. आणि हाताला लागलेल्या सवयीनं प्रत्येकानं आपलं भांडं झाकून ओसरीवर नेऊन ठेवलं. मन हलकं करून सगळे परतले.

एलोजी पावलांचा कानोसा घेत राहिला. दुपार झाली. त्याला वाटलं, कुणाकडे कधी उशिरा पोचलो असेन, त्याचा राग असेल. मग वाटलं, बायकोशीच कुणाचं वाकडं असेल. ऊन कलतं झालं. आता काही वाटेनासं झालं, नुसता थकवा उरला.

तिकडे मलकाबाई मागच्या दारी बसली होती. आपलं भांडं आलं नाही, हे तिला कळलं. मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याकडे नाही आलं, तर एलोजीकडे कोण नेणार?

ती काठी टेकत ओसरीवर गेली. फडक्यांवर मुंग्या चढल्या होत्या, आणि समोर घाण्यापाशी माणसं बसली होती. तिनं आपलं रिकामं भांडं सगळ्यांदेखत उघडलं, दुसऱ्याच्या भांड्यातले मसूर आणि अंडं त्यात घातलं आणि सरळ मोठ्या रस्त्यानं निघाली.

घाण्यापाशी बसलेल्यांनी विचारलं, "आजी, जेवण घेऊन कुठं?"

"तुमच्या ओसरीवरचं अन्न तुमच्याच माणसाला द्यायला," ती म्हणाली. "तो टोपली उचलायला येईल म्हणून बसलात काय रे?"

एकेक जण उठून तिच्या मागं चालू लागला.

दारात तिला पाहून एलोजी घाबराघुबरा झाला. "मलकाबाई, पुढच्या दारानं आलात? सगळ्यांनी तुमचं भांडं पाहिलं असेल."

"पाहू दे. अकरा वर्षं जेवते आहे, कुणाच्या आमटीत मीठ जास्त तेही मला ठाऊक आहे. मागच्या गल्लीची वाट तू कुणाला शिकवली असतीस, तर मला ही उठाठेव पडली नसती. घास घे आधी."

त्यानं घास घेतला. मग तो रडला.

सात दिवस सरल्यावर त्यानं टोपली घरोघर पाळीनं फिरवायला दिली. रीत थोडी बिघडली. कुणी विसरून पुढच्या दारानं जाई, कुणी नको तिथं बोले, आणि एलोजी घरी बसून काळजी करी. पण नेणारा आता दाराशी घडीभर टेकत असे. मलकाबाईचं रिकामं भांडं ओसरीवर उघडंच असे, आणि ते भरताना गावातल्या बायका विचारत, "आजी, मीठ बेताचं आहे ना?"

सगळ्या गावाची दया एकाच्याच खांद्यावर टाकली, तर तिला त्याच्या दारची वाट सापडत नाही.