डावा कौल

"देवान पुण्याक नाय म्हटल्यान, रत्नागिरीकय नाय म्हटल्यान. मगे मी जाव खंय, तात्यानू?"

विशाखा धुरी देवळाच्या खांबाला टेकून विचारत होती. विचारत कसली, फणकारत होती.

देवाला कौल लावण्याचं काम तात्या घाडींच्या घराण्याकडे. ते देवाच्या पाषाणावरून ओघळलेलं पाणी फडक्यानं पुसत राहिले.

बारावीनंतर पोरीला दोन ठिकाणी जागा मिळत होती. एक पुण्याचं मोठ्या नावाचं कॉलेज, दुसरं रत्नागिरीचं सरकारी. उद्या संध्याकाळपर्यंत एक पक्की करायची, नाहीतर दोन्ही हातच्या जाणार. म्हणून तिचे वडील दिगंबर सकाळीच तिला घेऊन गाभाऱ्यापुढे आले होते. मी प्रसादासाठी थांबलो होतो, तेव्हा सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

देवाच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इतकी साधी गोष्ट.

"पुण्याक धाडू काय?" दिगंबरांनी हात जोडून विचारलं होतं.

किती तरी वेळानं डावी पडली.

आता माणसानं गप्प घरी जावं की नाही? पण पुण्याच्या कॉलेजचं नाव घातलेला अभिनंदनाचा फ्लेक्स या गृहस्थानं आधीच तिठ्यावर लावून ठेवलेला! त्यांनी प्रश्नच उलटा केला. "मगे रत्नागिरीक धाडू काय?"

पुन्हा तेवढाच वेळ. पुन्हा डावी.

"बघा! रत्नागिरीक नाय म्हणता देव!" दिगंबर खूश.

माझं डोकंच फिरलं. देव म्हणजे काय यांचा शिकवून आणलेला साक्षीदार आहे? आणि त्यावरच पोरीनं तो ‘मी जाव खंय’चा प्रश्न विचारला होता.

तात्यांनी फडकं खाली ठेवलं.

"बाय, तुका खंय शिकूचा आसा?"

"ती पुण्याकच जातली," दिगंबर म्हणाले.

"मी तिका इचारलंय."

"तिका काय कळता, तात्यानू? बारावीचा पोर ता..."

"माका कोणी इचारल्यानच नाय!" विशाखाचा आवाज गाभाऱ्यात घुमला. "मामान सांगल्यान, सरांनी सांगल्यानी, आता देवाकय इचारून झाला. माकाच तेवढा नाय!"

तिचे डोळे भरून आले होते. रागानंच भरले होते.

तात्या उठले. ताम्हनातल्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि पोरीच्या कपाळावर चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे.

"हलू नको."

मग ते वडिलांकडे वळले.

"दिगंबरा, हिच्यासमोर उभो रव. हात जोड. गाऱ्हाणा घाल."

"पोरीसमोर? ...माझ्याच?"

तात्यांनी बोटानं पोरीपुढची जागा दाखवली.

दिगंबरांनी इकडेतिकडे पाहिलं. मी दिसलो तसे ते ओशाळले. पण देवळात घाड्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नाही. त्यांनी हात जोडले.

"विशाखा... तुका खंय जावचा आसा?"

पोरगी गडबडली. इतका वेळ तडतडत होती, पण प्रश्न खरोखर समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिला उत्तर सापडेना. ओठ हलले, पुन्हा मिटले. कपाळावरचं पाणी भुवईपर्यंत आलं. पाकळ्या मात्र तशाच.

...

ती विचार करत होती. माझी खात्री आहे, आयुष्यात पहिल्यांदाच ती या गोष्टीचा स्वतः विचार करत होती.

...

"बोल गो बेगीन!" दिगंबरांनी हात सोडले. "सुचत नसात तर मी सांगतंय..."

तात्यांनी त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि हात पुन्हा जोडून दिले.

"दगडासमोर तासभर गप उभो होतंस ना रे!"